फुटाळ्याच्या काठावरची दोन पंचांगे

नागपुरात राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माझी एक फजिती झाली होती. जूनचा शेवटचा आठवडा होता, मृग जवळजवळ कोरडाच गेला होता आणि आर्द्राच्या पहिल्या सरींनी फुटाळा तलावाचे पाणी नुकतेच गढूळ झाले होते. झाडी असलेल्या बाजूच्या एका दगडावर मला एक अनोळखी पक्षी दिसला. त्याची पाठ गर्द किरमिजी होती, मान पिवळसर बदामी होती आणि डोक्यामागून लांब पिसांची एक शेंडी खाली लोंबत होती. कुठून तरी दूरदेशीचा दुर्मीळ पाहुणा आपल्या वाट्याला आला, या आनंदात मी घाईघाईने वही काढली. शेजारी जाळे सोडवत बसलेल्या एका वयस्क ढीवर काकांना मी मोठ्या उत्साहाने विचारले, तेव्हा त्यांनी मान वर करून एकदाच पाहिले आणि म्हणाले, "ढोकरीच आहे जी ते, ताई. रोजचीच. पाणी आलं की रंगते अशी. लग्नसराई आहे तिची."

ज्या ढोकरीला मी मे महिन्यात रोज पाहत होते, मातकट, रेघारेघांची, चिखलाच्या रंगात इतकी मिसळून गेलेली की ती उडाली आणि तिचे पांढरे पंख उघडले तरच तिथे पक्षी होता हे कळावे, तीच ही होती. तेव्हापासून मी वहीत पक्ष्यांच्या नावांपेक्षा त्यांच्या तारखा अधिक काळजीने लिहू लागले. नऊ वर्षांच्या या नोंदींतून मला उमगलेली गोष्ट अशी की, एकाच तलावावर राहणारे हे पक्षी एकाच पंचांगाने चालत नाहीत. काहींचे पंचांग सूर्याचे असते, तर काहींचे पावसाचे.

नागपुरात वर्षातील सर्वांत मोठा दिवस साधारण साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांहून किंचित मोठा असतो, म्हणजे वर्षभरातील फरक अडीच तासांच्या आसपास भरतो. उत्तरेकडे जावे तसतसा हा फरक वाढत जातो आणि सायबेरियाच्या मधल्या पट्ट्यात तो दहा-बारा तासांच्याही पुढे पोहोचतो. तिकडे वीण करणाऱ्या बदकांच्या शरीरात दिवसाची लांबी मोजण्याची व्यवस्था असणे स्वाभाविकच आहे, कारण तिथला उन्हाळा फार तोकडा असतो आणि त्याची वेळ चुकली तर पिलांना खाणे मिळत नाही. आपल्याकडील रहिवासी पाणपक्ष्यांना मात्र खाण्याची हमी मिळते ती पाण्याने. दिवसाच्या लांबीची जाणीव त्यांनाही असतेच, परंतु घरटे नेमके केव्हा बांधायचे, हे बेडूक, बेडूकमासे, चतुर आणि माशांची पिले केव्हा निपजतात यावर ठरते, आणि ती सारी सृष्टी पावसाच्या भरवशावर असते. पाऊस दहा दिवस लांबला तर ढोकरीची लग्नसराईही लांबते. बदके मात्र पावसाची वाट पाहत नाहीत.

पावसाच्या पंचांगाविषयी आधी लिहिते, कारण लोकांचे त्याकडे लक्ष कमी असते. दुर्बिणी घेऊन येणारी मंडळी बहुतेक हिवाळ्यातच दिसतात. पावसाळ्यात तलाव रिकामा वाटतो हे खरे आहे, पण त्या काळात नजर पाण्यावरून उचलून झाडांवर न्यावी लागते. ढोकरी, रातबगळे, छोटे बगळे, गायबगळे आणि छोटे पाणकावळे हे सगळे एकाच झाडावर शेजारशेजारी घरटी करतात. चिंच, वड, पिंपळ, कडुनिंब, पाण्यापासून फार दूर नसलेले कोणतेही मोठे झाड त्यांना चालते, आणि खाली रस्ता, बसथांबा किंवा पाणीपुरीची गाडी असली तरी त्यांची हरकत नसते. किंबहुना माणसांची वर्दळ त्यांना सोयीचीच पडत असावी, असे मला वाटते. या वसाहतीत वर्षभर पांढराशुभ्र असलेला गायबगळा डोक्यापासून मानेपर्यंत केशरी होतो, छोट्या बगळ्याच्या डोक्यावर दोन लांब पिसे येतात आणि पाठीवर झिरझिरीत पिसांची झालर उतरते. याच झालरीपायी एकोणिसाव्या शतकात युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची अतोनात कत्तल झाली आणि सिंधमध्ये तर त्या पिसांसाठी बगळे पाळले जात असत. रातबगळ्याचे पिवळट पाय याच दिवसांत गुलाबी होतात. हा साजशृंगार फार टिकत नाही. ढोकरीच्या पायांवर चढणारी लाली तर इतकी अल्पकाळाची असते की नऊ वर्षांत ती मला स्पष्टपणे तीनदाच पाहायला मिळाली.

टिबुकलीची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण ती झाडाकडे फिरकतही नाही. मुठीएवढे दिसणारे हे पाणपाखरू हिवाळ्यात मळकट तपकिरी असते. उन्हाळा उतरू लागला की त्याचे गाल आणि मान तांबूस होतात आणि चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका उठून दिसू लागतो. पाणवनस्पती गोळा करून ती तरंगते घरटे बांधते आणि ते बुडालेल्या फांदीला किंवा लव्हाळ्याला अडकवून ठेवते, त्यामुळे पाणी चढले तरी घरटे त्याबरोबर वर येते. घरट्यावरून उठताना अंडी ओल्या शेवाळाने झाकून जाण्याची तिची सवय आहे. त्यामुळे मुळात पांढरी असलेली अंडी काही दिवसांत चहाचा डाग पडल्यासारखी होतात. पुढे पट्ट्यापट्ट्यांची पिले आईबापांच्या पाठीवर बसून तलावभर हिंडतात. मी एकदा पाठीवर पिलू असतानाच टिबुकलीला बुडी मारताना पाहिले. पिलू बुचासारखे वर आले आणि आपल्यावर मोठा अन्याय झाल्याच्या आवेशात ओरडत राहिले.

कमळपक्षी पाहण्यासाठी मी अंबाझरीकडे जाते. नाग नदीवरचा हा तलाव 1870 चा आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला अलीकडच्या वर्षांत जलपर्णीने अक्षरशः ठाण मांडले आहे. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेची. ती पाणी झाकते, प्राणवायू कमी करते, आणि तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही तिच्या पानांवरून लांबच लांब बोटे टाकत चालणारा कमळपक्षी पाहिला की क्षणभर तिच्यावरचा राग विसरायला होते. हिवाळ्यात हा पक्षी साधाच असतो. पावसाळ्यात लांब शेपटीच्या जातीला कोयत्यासारखी वाकडी शेपटी फुटते, मानेमागे सोनेरी पट्टा येतो, आणि मग संसाराची वाटणी अशी होते की आपल्याकडच्या अनेक घरांनी ऐकून घ्यावी. मादी आकाराने मोठी असते, ती चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही सारी कामे नराची. एकाच पावसाळ्यात ती अनेक नरांना अशी अंडी सोपवू शकते. ब्राँझसारख्या चकाकत्या पंखांच्या दुसऱ्या जातीतही असेच चालते आणि धोका दिसताच त्यातला बाप पिलांना पंखांखाली उचलून पळतो, तेव्हा त्याच्या अंगाखालून पिलांचे लांब पाय लोंबताना दिसतात.

2023 च्या सप्टेंबरमध्ये, 23 तारखेच्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी ओसंडून वाहिला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या आठवड्याची माझी वही कोरी आहे, कारण पक्षी पाहण्याची कोणाचीच मनःस्थिती नव्हती.

सूर्याच्या पंचांगाची चाहूल पाऊस संपण्याआधीच लागते. मी या आगमनाच्या खुणा सणांशी बांधून ठेवल्या आहेत. इंग्रजी तारखांपेक्षा त्या माझ्या अधिक लक्षात राहतात, अधिक महिन्याच्या वर्षी त्या थोड्या सरकतात एवढेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मारबतीची मिरवणूक निघते आणि सारी इडापिडा गावाबाहेर घालवली जाते, त्या सुमारास काठच्या दगडांवर शेपटीचा भाग सतत खालीवर हलवणारी तुतारी आलेली असते. तिच्या मागोमाग, गणपती-नवरात्राच्या दरम्यान, पांढरा धोबी येतो. हे दोघेही हिमालयात आणि त्यापलीकडे वीण करतात आणि बदकांच्या पुष्कळ आधी इथे पोहोचतात. कोजागिरी ते दिवाळी या काळात पहिली बदके उतरतात: थापट्या, तलवार बदक, चक्रांग. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षीही थंडीतच मोठ्या संख्येने जमतात. या नावाची मला नेहमी गंमत वाटते, कारण आषाढात खरे वारकरी पंढरीच्या वाटेला लागतात, तेव्हा या वारकऱ्यांचे थवे तलावावरून केव्हाच पांगलेले असतात.

ऑक्टोबरमध्ये आलेली बदके पाहून नवखा माणूस निराश होतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. पुस्तकातील चित्रात नर थापट्याचे डोके हिरवे, छाती पांढरी आणि कुशी विटकरी असते. प्रत्यक्षात समोर सगळ्या माद्याच असाव्यात असे दिसते. वीण संपली की नर बदके आपला भरजरी वेश उतरवतात आणि मादीसारखा मळकट वेश घेतात, त्याच सुमारास त्यांची उडण्याची पिसेही एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा अवस्थेत शत्रूच्या नजरेत न भरणे शहाणपणाचे असते. उड्डाणाची पिसे पुन्हा आल्यावर ती प्रवासाला निघतात, पण रंग मागाहून, आपल्या तलावावर आल्यानंतर हळूहळू चढतो. तलवार बदक त्या मानाने लवकर सजते, थापट्याला मात्र फार वेळ लागतो आणि पुष्कळ नर संक्रांत उलटून गेल्यावरच चित्रातल्यासारखे दिसू लागतात. याउलट आपले हळदीकुंकू बदक बाराही महिने तसेच राहते. पिवळ्या टोकाच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपके असलेल्या या बदकात नर-मादीचा वेशही जवळजवळ सारखाच असतो. ज्याने हे नाव ठेवले असेल त्याची नजर मोठी रसिक असली पाहिजे.

थापट्याविषयी आणखी थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. फावड्यासारख्या रुंद चोचीच्या कडांना बारीक दातेरी चाळण असते आणि तिच्यातून पाणी गाळून तो त्यातील सूक्ष्म जीव खातो. थोडे गढूळ, थोडे सांडपाणी मिसळलेले, सूक्ष्म जीवांनी दाटलेले पाणी त्याला वर्ज्य नसते, म्हणून शहरातील तलावांवर तो टिकून राहतो. दहा-पंधरा थापटे एकामागे एक गोल फिरू लागतात, त्यांच्या पायांनी तळाचे खाद्य ढवळून वर येते आणि प्रत्येक जण पुढच्याच्या मागे चोच पाण्यात घालून ते टिपत राहतो. हिवाळ्याच्या सकाळी, धुके पुरते विरलेले नसताना, हे रिंगण पाहत मी कधीकधी पाऊण तास उभी राहिले आहे आणि कामाला उशीर झाल्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

फिरायला येणारे लोक मला अनेकदा विचारतात की, ही बदके दिवसभर झोपलेलीच का असतात. कारण असे की बहुतेक बदके रात्री चरतात. अंधार पडल्यावर ती शेतांकडे आणि उथळ पाणथळींकडे उडून जातात आणि पहाटे परततात. शहरातील तलाव हे त्यांचे दिवसाचे शेजघर असते. तिथे दिवसभर होड्या फिरत राहिल्या, काठावरून कोणी खडे मारत राहिले, तर रात्रभर कमावलेली चरबी दिवसा उडण्यात खर्च होते. फेब्रुवारीनंतर ही चरबीच त्यांची शिदोरी असते. दिवस मोठा होऊ लागला की त्यांची भूक वाढते, संध्याकाळी थवे उठून दोन-तीन घिरट्या घालतात आणि पुन्हा उतरतात. नर माना ताठ करून माद्यांपुढे डोकी खालीवर करू लागतात. मग होळीच्या आसपास एखाद्या सकाळी पाणी मोकळे दिसते. निरोपाचा क्षण मला एकदाही पाहायला मिळालेला नाही, कारण ती रात्री निघतात. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते, त्यामागेही हाच हिशेब आहे. त्या महिन्यात येणारे येऊन चुकलेले असतात आणि जाणारे अजून निघालेले नसतात.

शहरातील सगळेच तलाव पक्ष्यांच्या दृष्टीने सारखे नाहीत. शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर, चारही बाजूंनी दगडी भिंतीत बांधलेला आहे, त्यामुळे तिथे उतरता चिखलाचा काठ मिळत नाही आणि तुतारीसारख्या चिखलात टोचून खाणाऱ्या पक्ष्यांना तिथे फारसे काम नसते. गोरेवाड्याला जंगलाची पाठराखण आहे. चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस पाहायचे असतील, तर शहराबाहेरच्या मोठ्या जलाशयांवर जाणे चांगले. आणि शहरातील काही रहिवासी पावसाळ्यात उलट दिशेने जातात. अडई आणि हळदीकुंकू बदकांच्या अनेक जोड्या पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्यांकडे आणि जुन्या मालगुजारी तलावांकडे पांगत असाव्यात, असा माझा तर्क आहे, कारण ऑगस्टमध्ये त्या इथे फारच कमी दिसतात आणि दिवाळीनंतर पुन्हा मोठ्या थव्यांनी हजर होतात.

उन्हाळा हा मात्र दोन्ही पंचांगांबाहेरचा काळ आहे. नवतपा सुरू झाला, पारा 45 अंशांच्या पुढे गेला की दुपारी तलावाकडे फिरकणारा माणूस वेडाच समजला जातो. मी सकाळी साडेपाचलाच जाऊन येते. बगळे आणि पाणकावळे चोच उघडी ठेवून गळ्याची कातडी भराभर थरथरवत बसलेले असतात, आणि त्यातून होणाऱ्या बाष्पीभवनाने त्यांचे शरीर थंड राहते. याच भट्टीत टिटवी उघड्या जमिनीवर, खडकाळ मोकळ्या जागेत किंवा इमारतीच्या गच्चीवरही चार अंडी घालते आणि पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते, म्हणजे त्या ओलाव्याने अंडी भाजत नाहीत. टिटवीची अंडी उंचावर असली की त्या वर्षी पाऊस भरपूर, हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात ऐकायला मिळते. माझ्या नोंदींशी मी ते पडताळून पाहिले. एकाच वर्षी एक टिटवी गच्चीवर आणि दुसरी मैदानातील खळग्यात बसलेली आढळली, तेव्हा त्यांच्यातच एकमत नाही असे म्हणून मी तो विषय सोडून दिला.

या दोन पंचांगांत शहराचे तिसरे पंचांग येऊन आदळते, आणि माझी खरी तक्रार त्याविषयी आहे. पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या फांद्या छाटणे आवश्यक असते, वादळात त्या तारांवर पडतात, हे मला मान्य आहे. पण ही छाटणी मे महिन्याच्या अखेरीपासून लांबत लांबत जूनच्या उत्तरार्धापर्यंत येते, म्हणजे बरोबर बगळ्यांनी काड्या रचायला घेतल्यावर. तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळच्या चिंचेवर रातबगळ्यांची आणि ढोकरींची घरटी भरात असताना एका सकाळी करवती सुरू झाल्या. मी खाली उतरून मुकादमांना घरटी दाखवली, तेव्हा त्या बिचाऱ्यांनी मला कागद दाखवला. त्यावर झाडाचा क्रमांक होता, पक्ष्यांचा रकाना नव्हता. संध्याकाळी फुटपाथवर फिकट निळ्या-हिरव्या कवचांचे तुकडे पडले होते. हेच काम फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये केले असते तर झाडही वाचले असते, ताराही वाचल्या असत्या आणि एकही अंडे फुटले नसते. जलपर्णी काढण्याचेही तसेच आहे: ती थंडी सरल्यावर, कमळपक्ष्याची वीण सुरू होण्याआधी काढावी आणि एखादा कोपरा देशी पाणवनस्पतींसाठी राखावा, एवढेच मी तेव्हापासून अर्जांमध्ये लिहीत आले आहे. एका अर्जाची पोचही मिळाली आहे.

त्या चिंचेवर पुढची दोन वर्षे कोणी आले नाही. या जूनमध्ये मात्र रस्त्याच्या पलीकडच्या कडुनिंबावर, चहाच्या टपरीच्या बरोबर वर, मला ढोकरीची तीन घरटी दिसली. टपरीवाल्या भाऊंनी वर निळी ताडपत्री ताणली होती आणि ती आताच चुन्याचे शिंतोडे मारल्यासारखी पांढरी झाली होती. मी वर पाहत उभी असताना माझ्या ओढणीवरही प्रसाद पडला. मी काही बोलण्याआधीच त्यांनी पाण्याचा मग पुढे केला आणि म्हणाले, "राहू द्या ताई, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पाऊस आला की धुऊन जाते सगळं. तुम्ही असं करा, या बाकावर बसत जा, इथे नाही पडत." वहीत मी त्या दिवशीची तारीख लिहिली, तीन घरटी लिहिली आणि बाकाची जागाही लिहून ठेवली.